जाड ऑइलनं नेमकं काय बदलतं: प्रकल्प नोंदी, इंदूर, जानेवारी ते जून २०२५

गाडी: ११९७ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, टर्बो नाही. इनटेक कॅमवर व्हीव्हीटी (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा), टायमिंग चेन. मीटरवर ६४ हजार किलोमीटर. मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलची पहिली पसंती ०डब्ल्यू-२०, तक्त्यात ५डब्ल्यू-३० लाही परवानगी. फिल्टरसकट ३.१ लिटर.

५ जानेवारी

ट्रान्सपोर्ट नगरात कुठल्याही काउंटरवर विचारा, उत्तर एकच मिळतं: "आपल्याकडे गरमी फार, हे पाण्यासारखं ऑइल टिकणार नाही, २०डब्ल्यू-५० घाला." या सल्ल्यात हवेची गरमी आणि ऑइलची गरमी एकच धरली आहे. जानेवारीतली पहाट १० अंशांची आणि मेमधली दुपार ४२ ची, म्हणजे हवेत फरक ३२ अंशांचा. पण थर्मोस्टॅट कूलंटला वर्षभर जवळपास एकाच तापमानावर धरतो. मग चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या टाकीतलं) ऑइल उन्हाळ्यात किती अंशांनी जास्त तापतं? ते मोजायचं आणि मगच ग्रेडबद्दल बोलायचं.

मोजणीआधी कागदावरचं. डब्यावरचा मागचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. एसएई जे३०० या ग्रेड ठरवणाऱ्या मानकाप्रमाणे २० चं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीचा: ०डब्ल्यूची पंपिंग चाचणी उणे ४० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे २० वर. तेव्हा ०डब्ल्यू म्हणजे उन्हात पातळ, हे मुळातच चूक. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं १०० अंशांवर एकाच पट्ट्यात बसतात.

तिसरा आकडा डब्यावर नसतो, डेटाशीटमध्ये असतो: एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर जोराच्या घासणीखाली उरणारा दाटपणा. २० साठी किमान २.६, ३० साठी २.९, ५डब्ल्यू-४० साठी ३.५, ५० साठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद. क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिल्म किती जाड राहील हे यावर ठरतं. काउंटरवर याबद्दल कोणी बोलत नाही.

नेहमीच्या डेटाशीटवरचे ४० आणि १०० अंशांचे आकडे घेऊन तापमानागणिक दाटपणा सांगणाऱ्या वॉल्थरच्या सूत्रानं बाकीचे काढले (सेंटिस्टोकमध्ये, २०, ४०, १०० आणि १२० अंशांवर):

०डब्ल्यू-२०: १०७, ४४, ८.३, ५.८
५डब्ल्यू-३०: १६४, ६४, १०.८, ७.३
५डब्ल्यू-४०: २१३, ८४, १४, ९.४
२०डब्ल्यू-५०: ५३०, १६५, १८.५, ११.६

गरम असताना ५० चं ऑइल २० च्या दुप्पट दाट आहे, थंड असताना पाचपट. जाडपणाचा फायदा गरम इंजिनात मिळतो, किंमत मात्र रोज सकाळी मोजावी लागते.

दुसरा हिशोब जास्त कामाचा. ०डब्ल्यू-२० चा १०० अंशांवर जो दाटपणा, तोच ५डब्ल्यू-३० चा ११३ अंशांवर. एक ग्रेड वर जाणं म्हणजे ऑइलच्या तापमानात तेरा अंशांची सूट मिळवणं.

११ जानेवारी

सेन्सर बसवले. प्रेशर स्विच काढून त्या जागी टी-जोड: एका तोंडाला मूळ स्विच, दुसऱ्याला इलेक्ट्रॉनिक सेंडर. मूळ स्विच काढून टाकायचा नाही, डॅशबोर्डचा लाल दिवा चालूच राहायला हवा. जपानी धाटणीच्या इंजिनांत ही चूड (आटे) १/८ बीएसपीटी या ब्रिटिश मापाची असते, इंचाला २८ आटे. बाजारात सहज मिळतो तो एनपीटी या अमेरिकी मापाचा जोड २७ आट्यांचा. तो पहिले दोन-तीन आटे बिनतक्रार जातो आणि मग अडतो. जोर लावला की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधली चूड तरी जाते, नाही तर गळती सुरू होते. विकत घेतानाच जुना स्विच शेजारी धरून आटे जुळवून बघा.

टेफ्लॉन टेप लावायचीच असेल तर टोकाचे दोन आटे मोकळे सोडा, सुटलेला धागा ऑइल गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) जाता कामा नये. स्विच एकाच वायरचा असतो, अर्थिंग बॉडीतून मिळतं. टेपचे थर जास्त झाले तर दिवा लागतच नाही, आणि सगळं ठीक आहे असा समज होतो.

स्वस्तातला नळीवाला मेकॅनिकल गेज इथे वापरला नाही. त्याची बारीक नळी त्याच ऑइलनं भरते, त्यामुळे थंडीत जाड ऑइलवर काटा उशिरा उठतो आणि तो उशीर इंजिनाचा की नळीचा हे कळत नाही.

तापमानासाठी डिपस्टिकच्या नळीतून के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). डिपस्टिकशेजारी ठेवून वरच्या खुणेपर्यंतची लांबी मापली, तिथे टेप गुंडाळून थांबा केला, म्हणजे टोक क्रँकपर्यंत पोचणार नाही. नळीचं तोंड सीलबंद करावं लागतं. नाही तर पीसीव्ही (इंजिनातली वाफ इनटेककडे ओढणारा व्हॉल्व्ह) तिथून न मोजलेली हवा ओढतो आणि आयडल बिघडतं. हे तापमान चेंबरमधलं आहे. बेअरिंगमधलं ऑइल याहून जास्त तापतं, पण तुलना करायला चेंबरचा आकडा पुरतो.

१२ जानेवारी

०डब्ल्यू-२० वर पायाभूत मोजणी. गाडी रात्रभर उघड्यावर, सकाळी ऑइल ११ अंश. स्टार्ट केल्यावर प्रेशर लगेच चढलं, फास्ट आयडलला ३.९ बार. मग राऊ, पिथमपूर आणि परत. कूलंटचा काटा मधे येऊन बराच वेळ झाला तरी ऑइल ५२ वरच होतं. हे नेहमीचंच: कूलंट पाच-सहा मिनिटांत तयार होतं, ऑइलला त्याच्या दुप्पट तरी लागतात. काटा मधे आला म्हणून इंजिन गरम झालं, असं धरून कोणी चार हजार आरपीएम मारू नये.

बायपासवर ८० च्या वेगाला ऑइल ९१ अंशांवर स्थिरावलं. तिथे २००० आरपीएमला २.५ बार, गरम आयडलला १.२.

१८ जानेवारी

२०डब्ल्यू-५० भरलं. घाईत होणाऱ्या गोष्टी म्हणून काम सविस्तर लिहून ठेवत आहोत.

ऑइल ५०-६० अंशांवर असताना काढा. थंड असेल तर चेंबरच्या तळाशी राहतं, फार गरम असेल तर हात भाजतो. ड्रेन बोल्ट एम१४, पीच १.५. वॉशर दर वेळी नवा, टॉर्क ३५ न्यूटन-मीटर. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर टॉर्क पाना लागतोच, अंदाजानं आवळणाऱ्यांमुळेच चूड रिपेअरवाल्यांची दुकानं चालतात. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचा हात, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, तोही हातानंच.

गाळून झालं तरी गॅलरी, पंप आणि हेडमध्ये मिळून अर्धा लिटरच्या आसपास जुनं ऑइल राहतं. तीन लिटरच्या इंजिनात हे थोडं नाही. म्हणून तुलनेसाठी आधी एक भरणा फक्त धुण्यापुरता: भरा, पंधरा मिनिटं आयडलवर चालवा, काढा, मग फिल्टरसकट खरा भरणा. फ्लशिंगचं रसायन वापरलं नाही. त्याचा अंश मागे राहिला तर दाटपणाच्या मोजणीचा उपयोगच राहत नाही.

१९ जानेवारी

सकाळी ऑइल १० अंश. स्टार्टर जड ओढला. प्रेशर ४.९ बारला गेलं आणि तिथेच थांबलं. ॲक्सिलरेटर थोडा दाबला, आरपीएम १३०० वरून २२००, काटा जागचा हलला नाही.

हेच नीट समजून घ्यायला हवं. ऑइल पंप दर फेऱ्याला ठरलेलं माप ढकलतो. ऑइल दाट असेल तर पुढे जायला अडतं, प्रेशर वाढतं, आणि ४.५-५ बारच्या सुमाराला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. त्यापुढे पंप जे जास्तीचं ढकलतो ते परत पंपाच्या तोंडाशी किंवा चेंबरमध्ये जातं, बेअरिंगकडे नाही. आरपीएम वाढवूनही काटा हलत नाही याचा अर्थ जास्तीचं ऑइल वाटेतूनच माघारी फिरतंय. गेजवर मोठा आकडा बघून "प्रेशर मस्त आहे" म्हणणारा मिस्त्री खरं तर अडथळा वाचत असतो, प्रवाह नाही.

याच वेळी फिल्टरमध्येही एक गोष्ट घडते. फिल्टरच्या आतबाहेरचा फरक साधारण एक बारच्या पलीकडे गेला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो (नेमका आकडा फिल्टरगणिक वेगळा). दाट ऑइल थंडीत कागदातून पटकन जात नाही, म्हणून ते न गाळताच पुढे जातं.

हेडमधला टकटक आवाज ०डब्ल्यू-२० पेक्षा जास्त वेळ राहिला. गरम झाल्यावर मात्र इंजिन उघडच शांत. गिऱ्हाईकाला नेमकं हेच ऐकू येतं आणि सल्ला पटतो. दाट ऑइल आवाज दाबतं हे खरं आहे. त्यावरून झीज कमी झाली, हे सिद्ध होत नाही.

२ फेब्रुवारी

व्हीव्हीटी. गाडीच्या निदान-सॉकेटला लावायच्या साध्या ओबीडी रीडरवर कॅमचा कोन दिसेलच असं नाही. कंपनीचा प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनर लावून अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन एकाच आलेखात घेतले.

अगदी थंड इंजिनात फरक दिसला नाही, कारण तेव्हा ईसीयू (इंजिनाचा संगणक) फेजर, म्हणजे कॅमचा कोन बदलणारा भाग, हलवतच नाही. अडचण त्यानंतरच्या पट्ट्यात आहे. कूलंट ६० च्या वर जातं, ईसीयूच्या लेखी इंजिन तयार, तो फेजरला हलायला सांगतो. ऑइल मात्र अजून ३८-४० वर. त्या तापमानाला ५० चं ऑइल २० च्या जवळपास चौपट दाट, आणि ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक जाळीतून जायचं असतं. प्रत्यक्ष कोन अपेक्षित कोनाच्या मागे रेंगाळत राहिला. ऑइल ८० ला पोचल्यावर दोन रेषा पुन्हा जुळल्या.

चेक इंजिनचा दिवा लागला नाही, पी००११ किंवा पी००१२ (कॅम टायमिंग बिघडल्याचे) कोड आला नाही. जाळीत आधीच गाळ असेल तर येऊ शकतो, आणि मग लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. हे दोन कोड आले तर पहिलं काम ऑइलची ग्रेड आणि लेव्हल तपासणं, दुसरं जाळी काढून धुणं, पार्टची खरेदी त्यानंतर.

९ फेब्रुवारी

२०डब्ल्यू-५० काढलं. टाकी ते टाकी ॲव्हरेज शहरातल्या धावण्यात स्पष्ट खाली गेलं. ट्रॅफिकमुळे असल्या मोजणीत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणून आकडा नोंदवत नाही. २० वरून ३० वर गेल्यास साधारण एक-दोन टक्के इंधन जास्त लागतं, ५० वर त्याहून बरंच. लहान फेऱ्यांत सगळ्यात जास्त, कारण ऑइल गरम व्हायच्या आधीच गाडी बंद होते.

कंपन्या पातळ ऑइलकडे का गेल्या याचं उत्तर यातच आहे. देशात कॅफे (कंपनीच्या सरासरी इंधन-कार्यक्षमतेच्या) नियमांनुसार कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास आणि २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमच्या आसपास आणायची आहे. एकेक टक्का मोलाचा. "पातळ ऑइल मायलेजसाठीच आहे" ही तक्रार खोटी नाही. पण पातळ ऑइल घालायचं ठरवून बनवलेल्या इंजिनात पंपाची क्षमता, बेअरिंगची रुंदी आणि पिस्टनचे कोटिंग त्या हिशोबानं घेतलेले असतात, हा अर्धा भाग तक्रारीतून गळतो.

१६ मार्च

रामबागेतून एक जुनी गाडी तपासायला आली, व्हीव्हीटी नसलेली, दीड लाखाच्या पुढे धावलेली. गरम आयडलला लाल दिवा लुकलुकतो. मालकाला काउंटरवरून ५० चं ऑइल मिळालं होतं, घालायच्या आधी गेज लावून घ्यायला सांगितलं.

हा दिवा बहुतेक गाड्यांत ०.२ ते ०.५ बारच्या खालीच लागतो. तो विझलेला असणं म्हणजे प्रेशर पुरेसं असणं नव्हे. गेजवर गरम आयडल ०.४, ३००० ला १.७. ग्रेड वाढवून आयडलला ०.७ होईल, दिवा विझेल आणि बेअरिंगची झीज दिव्याआड जाईल. चेंबर उघडून आधी पिकअपची जाळी पाहिली: सिलिकॉन गॅस्केटचे तुकडे आणि काळा गाळ. कोणीतरी चेंबर बसवताना सीलंट ओतलंच होतं. जाळी साफ केल्यावर ३००० ला २.६ आलं. या गाडीला १५डब्ल्यू-४० दिलं, मॅन्युअलमधलंच.

असंच ऑइल पिण्याचं. व्हॉल्व्ह सील कडक झाली असतील तर एक ग्रेड वर गेल्यानं खप थोडा कमी होतो. ऑइल रिंग कार्बननं अडकली असेल तर ग्रेड बदलून काही होत नाही, फक्त धूर निळ्याचा निळाच.

२३ मार्च

मिसळण्याबद्दल विचारणा आली: निम्मं ०डब्ल्यू-२०, निम्मं २०डब्ल्यू-५० घातलं तर मधलं मिळेल ना? १०० अंशांवर सरळ सरासरी १३.४ येते. प्रत्यक्षात मिश्रण लॉगरिदमच्या हिशोबानं चालतं, १२.१ च्या आसपास उतरतं, म्हणजे अजून ३० च्याच पट्ट्यात. थंडीतलं वागणं तर आकडेमोडीनं सांगताच येत नाही. वाटेत लेव्हल कमी झाली तर कुठलंही चांगलं ऑइल घालून घरी यावं, कोरडं इंजिन चालवू नये. मुद्दाम मिसळू नये.

११ मे

बाहेर ४२. चार माणसं, एसी चालू, ०डब्ल्यू-२० चा नवा भरणा. बायपासवर ८० ला ऑइल ९९. जानेवारीत ९१ होतं. हवा तीसेक अंशांनी तापली, ऑइल आठ अंशांनी. एका ग्रेडच्या तेरा अंशांइतकाही हा फरक नाही. शहरात आणि सपाट रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला "इंदूरची गरमी" हे कारण ग्रेड बदलायला पुरत नाही.

मग मानपूर उतरून धामनोद, आणि परत चढ. ट्रकच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ३५००-४००० आरपीएम, वेग कमी, रेडिएटरला वारा नाही. ऑइल ११४. वर पोचून लगेच आयडलला प्रेशर ०.९ बार, एसीचा कॉम्प्रेसर सुटला की ०.८. दिवा नाही, आवाज नाही. या तापमानाला ऑइल ६.४ सेंटिस्टोकवर आलेलं असतं. इंजिन यात मरत नाही, पण हातात राखीव फार उरत नाही. त्यात ऑइल आठ-नऊ हजार किलोमीटर जुनं असेल आणि छोट्या फेऱ्यांत पेट्रोल मिसळून पातळ झालं असेल, तर आणखी कमी.

१८ मे

५डब्ल्यू-३०, तोच रस्ता, तीच माणसं, हवा ४१. बायपासला १००, चढावर ११६. दाट ऑइल स्वतःच्या घासणीनं थोडं जास्त तापतं, म्हणून मिळालेल्या तेरा अंशांतले दोन तिथेच गेले. उरलेला फायदा खरा: चढानंतरचा आयडल १.१ बार, दाटपणा ७.९ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीव्हीटीचा आलेख ०डब्ल्यू-२० च्या आलेखावर ठेवला, फरक ओळखू येत नाही.

२५ मे

५डब्ल्यू-४०. चढावर ११७, आयडल १.३. ५डब्ल्यू-३० पेक्षा जास्तीचं काही हाती लागलं नाही, आणि ही ग्रेड या मॅन्युअलच्या तक्त्यात नाही. शिवाय ३० आणि त्याखालच्या ग्रेडना एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्था) च्या एसएम दर्जापासून फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. ४० आणि ५० ला ती लागू नाही. ऑइल पिणाऱ्या इंजिनात हा फरक कन्व्हर्टरपर्यंत पोचतो.

१ जून

पेट्रोल गाडीचा हा हिशोब इतरांना लावू नये. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस-६ डिझेलमध्ये ग्रेडच्याही आधी राख बघावी लागते. ट्रकचं जुन्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० घातलं तर त्यातल्या धातूंची राख फिल्टरमध्ये साठते. रीजनरेशनमध्ये (फिल्टर तापवून साफ होताना) काजळी जळते, राख जळत नाही. तिथे एसीईए (युरोपीय दर्जा) सी२ किंवा सी३, मॅन्युअल म्हणेल ते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला एपीआय एसपी (२०२० पासूनचा) किंवा त्यापुढचा दर्जा, कमी आरपीएमवर होणाऱ्या अकाली ज्वलनापासून बचावासाठी. काउंटरवर मिळणारी बरीच २०डब्ल्यू-५० ऑइलं जुन्या एपीआय दर्जाची असतात. डब्यामागचं एपीआयचं वर्तुळ वाचा.

८ जून

या गाडीत ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, वर्षभर. महिन्यातून दोनदा घाट आणि भरलेली गाडी आहे म्हणून. फक्त राजवाडा ते विजयनगर असती तर ०डब्ल्यू-२० च ठेवलं असतं. ऋतूप्रमाणे ग्रेड बदलायची गरज नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीला तक्त्याबाहेरची ग्रेड घालू नये, आणि बिलावर ग्रेड व एपीआय दर्जा दोन्ही लिहून घ्यावेत, नुसतं "इंजिन ऑइल ३.५ लि." चालत नाही.

टी-जोड काढून स्विच मूळ जागी बसवला, १४ न्यूटन-मीटर. इंजिन चालू ठेवून खाली कागद पसरून पाहिला, गळती नाही. बॉनेटच्या आत लेबल: ५डब्ल्यू-३० एसपी, ३.१ लिटर, वॉशर एम१४, पुढचा बदल ७५ हजारांवर.